स्कॅन संपल्यावरच संगणक बंद व्हावा: स्क्रिप्ट लिहिताना काय सांभाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रात्री काम आटोपल्यावर संगणकाचे पूर्ण व्हायरस स्कॅन लावून निघून जायचे आणि ते संपल्यावर संगणक आपोआप बंद व्हावा, अशी आपली इच्छा आहे. त्यासाठी आपण दोन ओळींची बॅच फाइल (विंडोज ओळीने चालवते अशा आज्ञांची साधी मजकूर-फाइल) लिहिली: पहिल्या ओळीत अँटिव्हायरसला स्कॅनची आज्ञा आणि दुसऱ्या ओळीत शटडाउन. परंतु स्कॅनची खिडकी उघडते न उघडते तोच संगणक बंद होऊ लागला. मग आपण शटडाउनला दोन तासांची मुदत दिली, तेव्हा कधी स्कॅन अर्धवट तुटू लागले, तर कधी ते लवकर संपूनही संगणक उगाच चालू राहू लागला. दोन तासांऐवजी किती वेळ द्यावा, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते वेळ किती द्यावा हा प्रश्नच सोडून द्यावा. संगणक घड्याळ पाहून बंद होता कामा नये. स्कॅन खरोखर संपले आहे आणि त्याचा निकाल कोठेतरी नोंदला गेला आहे, याची खात्री झाल्यावरच तो बंद व्हावा. स्क्रिप्टचे खरे काम ही खात्री करून घेणे हेच आहे. शटडाउनची ओळ लिहिणे त्या मानाने किरकोळ.

आपल्या फाइलमधली चूक ओळींच्या क्रमात नाही. बॅच फाइल चालत असताना विंडोज एका ओळीतला प्रोग्राम संपल्याशिवाय पुढच्या ओळीकडे वळत नाही, आणि खिडकी उघडणाऱ्या प्रोग्रामांनाही बॅच फाइलच्या आत हाच नियम लागू असतो. अडचण अशी आहे की पुष्कळ अँटिव्हायरसमध्ये आपण ज्या प्रोग्रामला हाक मारतो तो स्वतः स्कॅन करतच नाही. पार्श्वभूमीवर सतत चालणाऱ्या एका सेवेला तो स्कॅन सुरू करण्याचा निरोप देतो आणि निरोप पोचताच आपण संपतो. विंडोजच्या लेखी पहिली ओळ तेथेच पूर्ण झालेली असते, म्हणून दुसरी ओळ लगेच चालते. अनेक जण यावर ‘स्टार्ट’ आज्ञेला ‘वेट’ हा पर्याय जोडण्याचा सल्ला देतात, पण त्याने काही साधत नाही, कारण तोही त्या निरोप्याचीच वाट पाहतो. ‘आज्ञा संपली’ आणि ‘स्कॅन संपले’ या दोन वेगळ्या घटना आहेत, एवढे लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे जाईल.

पुढे आज्ञांची नावे मी उच्चारानुसार देवनागरीत लिहीत आहे. टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत, मधल्या जागा आणि चिन्हे सांभाळून लिहावी लागतील.

सर्वप्रथम आपल्या अँटिव्हायरसच्या स्कॅनच्या खिडकीत ‘स्कॅन झाल्यावर संगणक बंद करा’ अशा अर्थाचा पर्याय आहे का, ते पाहून घ्यावे. काही उत्पादनांत तो असतो, आणि असेल तर घरगुती वापरासाठी स्क्रिप्टच्या वाटेला जाण्याची गरज नाही. तसा पर्याय नसेल, तर त्या उत्पादनासोबत आज्ञा-ओळीवरून, म्हणजे खिडकीऐवजी टंकलेल्या आज्ञेने, चालणारा वेगळा स्कॅनर दिलेला आहे का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत शोधावे. असा स्कॅनर स्कॅन संपेपर्यंत थांबतो आणि जाताना एक अंक मागे ठेवून जातो. त्या अंकाला एक्झिट कोड म्हणतात आणि आपली सारी भिस्त त्यावर राहणार आहे. काही जण ‘टास्कलिस्ट’ या आज्ञेने दर मिनिटाला प्रक्रियांची, म्हणजे चालू प्रोग्रामांची, यादी पाहून ‘अमुक नावाची प्रक्रिया दिसेनाशी झाली की स्कॅन संपले’ असे ठरवतात. ही युक्ती मी टाळतो, कारण अँटिव्हायरसची मुख्य प्रक्रिया संगणक चालू असेपर्यंत जिवंत राहते आणि तिची वाट पाहणारी स्क्रिप्ट सकाळपर्यंत तशीच बसून राहते.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अंगभूत आहे आणि त्याचा आज्ञा-ओळीवरचा प्रोग्राम एमपीसीएमडीरन या नावाचा आहे. तो सी ड्राइव्हवरील प्रोग्राम फाइल्स फोल्डरात, विंडोज डिफेंडर नावाच्या उपफोल्डरात असतो. त्याला ‘स्कॅन’ आणि ‘स्कॅनटाइप’ हे दोन पर्याय द्यावे लागतात: स्कॅनटाइप १ म्हणजे झटपट स्कॅन, २ म्हणजे पूर्ण स्कॅन आणि ३ म्हणजे आपण दिलेल्या फाइलचे किंवा फोल्डरचे स्कॅन. स्कॅनपूर्वी ‘सिग्नेचरअपडेट’ हा पर्याय देऊन हाच प्रोग्राम एकदा चालवला की व्हायरसच्या व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणांचा संच, ताज्या होतात. जुन्या व्याख्यांवर रात्रभर स्कॅन करण्यात काही अर्थ नसल्यामुळे ही पायरी मी कधीही गाळत नाही. संगणकावर दुसरा अँटिव्हायरस बसवलेला असेल, तर डिफेंडर सहसा स्वतःहून बाजूला होतो आणि या आज्ञा अपेक्षेप्रमाणे चालत नाहीत. तेव्हा त्या दुसऱ्या उत्पादनाचाच स्कॅनर वापरावा.

आता एक्झिट कोडकडे वळू, कारण बहुतेक तयार स्क्रिप्टा येथेच फसतात. डिफेंडरचा हा प्रोग्राम ० किंवा २ असा कोड देतो. शून्याचा अर्थ ‘काहीच सापडले नाही’ एवढाच नाही. एखादा धोका सापडला, तो यशस्वीपणे काढला गेला आणि आपल्याकडून आणखी काही कृती नको असेल, तरीही शून्यच मिळतो. दोनचा अर्थही दुहेरी आहे: एक तर धोका सापडला पण पुरता काढता आला नाही किंवा आपली कृती हवी आहे, नाही तर स्कॅन करतानाच काही त्रुटी आली. म्हणजे संगणक बंद करावा की नाही एवढे ठरवायला हा कोड पुरतो, पण रात्री नेमके काय घडले हे सांगायला तो अपुरा आहे. ते कळण्यासाठी इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये डिफेंडरची ‘ऑपरेशनल’ नोंदवही पाहावी लागते. तेथे १००० हा क्रमांक स्कॅन सुरू झाल्याचा, १००१ पूर्ण झाल्याचा, १००२ मध्येच थांबवल्याचा आणि १००५ स्कॅन अयशस्वी झाल्याचा असतो. धोका आढळल्याची नोंद १११६ ने, तर त्यावर कारवाई केल्याची नोंद १११७ ने होते. हे सहा क्रमांक एका कागदावर लिहून ठेवले तर रात्रीचा इतिहास सकाळी दोन मिनिटांत वाचता येतो.

कोड वाचण्याचा मी इतका आग्रह का धरतो, त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका लहान कार्यालयातील संगणकांसाठी मी अशीच स्क्रिप्ट लिहिली होती. डिफेंडरच्या नव्या आवृत्त्या प्रोग्रामडेटाखालील ‘प्लॅटफॉर्म’ नावाच्या फोल्डरात आवृत्ती-क्रमांकाच्या उपफोल्डरांत उतरतात. त्यातली सर्वांत नवी आवृत्ती वापरावी या हेतूने मी त्या क्रमांकासह पूर्ण मार्ग स्क्रिप्टमध्ये लिहून टाकला. पुढे आवृत्ती बदलली, जुना फोल्डर गेला आणि स्क्रिप्टला प्रोग्राम सापडेनासा झाला. पण शटडाउनची ओळ कशावरच अवलंबून नव्हती. त्यामुळे प्रत्येक संगणक रोज संध्याकाळी शिस्तीत बंद होत राहिला आणि सकाळी तो बंद दिसला की स्कॅन झाले, असे सगळे धरून चालले. कित्येक आठवडे एकही स्कॅन झाले नव्हते. एका कर्मचाऱ्याने ‘हल्ली संगणक फार लवकर बंद होतो’ असे सहज म्हटले, तेव्हा मी तपासायला बसलो. त्या काळात काही अनर्थ घडला नाही, हे त्या लोकांचे सुदैव. माझ्या स्क्रिप्टचे त्यात काही श्रेय नव्हते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये स्कॅनला लागलेला कालावधी नोंदवला जातो, कारण पूर्ण स्कॅन तीन सेकंदांत उरकले असेल, तर इतर काहीही न पाहता ते झालेले नाही असे सांगता येते.

बॅच फाइलच वापरायची असेल तर कोड वाचताना तीन खाचखळगे आहेत. ‘इफ एररलेव्हल १’ या लिखाणाचा अर्थ ‘कोड १ असेल तर’ असा नसून ‘कोड १ किंवा त्याहून मोठा असेल तर’ असा आहे. म्हणून अनेक कोड तपासायचे असल्यास मोठ्या अंकाकडून लहान अंकाकडे यावे. दुसरे म्हणजे, हा कोड पुढची आज्ञा चालली की बदलू शकतो, त्यामुळे स्कॅनच्या लगेच पुढच्या ओळीत तो स्वतःच्या एखाद्या चलात, म्हणजे किंमत साठवण्याच्या नाव दिलेल्या जागेत, साठवून ठेवावा आणि पुढचे सर्व निर्णय त्या चलावरून घ्यावेत. तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. कंसांत लिहिलेल्या ओळींच्या गटात टक्केचिन्हांमधले चल गट सुरू होण्यापूर्वीच वाचले जाते, आणि कंसाच्या आत स्कॅन करून कंसाच्या आतच कोड तपासला तर स्कॅनच्या आधीची जुनी किंमत हाती येते. यावर ‘डिलेड एक्स्पान्शन’ सुरू करून उद्गारचिन्हे वापरणे हा एक उपाय आहे, पण मी कंस टाळून ‘गोटू’ (ठरावीक ओळीवर उडी मारणारी आज्ञा) आणि त्या ओळींना नाव देणारी लेबले वापरतो, कारण सहा महिन्यांनी ती फाइल दुसऱ्या कोणाला वाचावी लागली तरी तिचा उलगडा होतो. प्रोग्रामचे नावच सापडले नाही तर ९००९ हा कोड मिळतो. म्हणूनच ‘दोन असेल तर अडचण’ असे न लिहिता ‘शून्य नसेल तर अडचण’ असे लिहावे.

हे सगळे सांगितल्यावरही, विंडोजवर नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पॉवरशेलचाच, म्हणजे विंडोजमधल्या नव्या स्क्रिप्ट-भाषेचा, सल्ला देईन. तेथे डिफेंडरच्या आज्ञा थेट उपलब्ध असल्यामुळे प्रोग्रामचा मार्ग लिहावाच लागत नाही आणि माझ्या हातून झालेली चूक आपोआप टळते. ‘अपडेट-एमपीसिग्नेचर’ व्याख्या ताज्या करते आणि ‘स्टार्ट-एमपीस्कॅन’ला ‘फुलस्कॅन’ असा प्रकार दिला की ती स्कॅन संपेपर्यंत थांबते. त्याच आज्ञेला ‘ॲजजॉब’ जोडले तर मात्र ती थांबत नाही, हे ध्यानात ठेवावे. स्क्रिप्टची रचना अशी ठेवावी: सुरुवातीला चालू वेळ एका चलात घ्यावी, व्याख्या ताज्या कराव्यात, स्कॅनची आज्ञा ‘ट्राय’ आणि ‘कॅच’ (त्रुटी पकडणारे विभाग) यांच्यामध्ये, ‘एररॲक्शन’ला ‘स्टॉप’ ही किंमत देऊन लिहावी, म्हणजे त्रुटी आल्यास ती निसटून जाणार नाही. आज्ञा परतल्यावर लगेच विश्वास ठेवू नये. ‘गेट-एमपीकॉम्प्युटरस्टेटस’ ही आज्ञा डिफेंडरची सद्यःस्थिती सांगते, आणि तिच्यात ‘फुलस्कॅनएंडटाइम’ म्हणजे शेवटचे पूर्ण स्कॅन केव्हा संपले याची वेळ असते. ती वेळ आपण सुरुवातीला घेतलेल्या वेळेच्या नंतरची असेल, तरच आजचे स्कॅन पूर्ण झाले असे मानावे. ही एका ओळीची तुलना इतर सर्व तपासण्यांहून मोलाची आहे. तिच्याशेजारीच ‘अँटिव्हायरससिग्नेचरलास्टअपडेटेड’ पाहून व्याख्या किती जुन्या होत्या तेही नोंदवावे.

त्यानंतर ‘गेट-एमपीथ्रेटडिटेक्शन’ चालवावी आणि ज्यांची पहिल्यांदा आढळण्याची वेळ आपल्या सुरुवातीच्या वेळेनंतरची आहे, अशाच नोंदी वेगळ्या काढाव्यात. तसे केले नाही तर महिन्यापूर्वीचे, केव्हाच निकालात निघालेले धोकेही आज सापडल्यासारखे दिसतात. प्रत्येक नोंदीत कारवाई यशस्वी झाली की नाही हेही कळते. म्हणजे आता आपल्यासमोर तीन वेगळ्या परिस्थिती स्पष्ट उभ्या राहतात: स्कॅन पूर्ण होऊन काही सापडले नाही किंवा सापडलेले सर्व निघाले, स्कॅन पूर्ण झाले पण काही धोका उरला, आणि स्कॅन पूर्णच झाले नाही.

पहिल्या परिस्थितीत संगणक बंद करावा, यात विचार करण्यासारखे काही नाही. तिसऱ्या परिस्थितीतही मी संगणक बंदच करतो, पण ‘अपूर्ण’ अशी ठळक नोंद करून. अयशस्वी स्कॅन रात्रभर पुन्हा पुन्हा सुरू करणारी स्क्रिप्ट डिस्कला झिजवते आणि मूळ कारण मात्र तसेच राहते. खरा प्रश्न दुसऱ्या परिस्थितीचा आहे, आणि त्याचे उत्तर संगणक कोणाचा आहे त्यावर ठरते. घरच्या संगणकावर काढता न आलेला धोका असेल, तर त्याला कोणी पाहत नसताना रात्रभर चालू ठेवणे सर्वांत वाईट. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम असो की पासवर्ड चोरणारा, संगणक बंद असताना दोघांनाही काही करता येत नाही. म्हणून तेथे बंद करावे आणि पुढच्या वेळी लॉगइन होताच सूचना समोर येईल अशी व्यवस्था करावी. संस्थेच्या संगणकावर मात्र मी उलट करतो. धोका कोठून आला आणि काय करत होता याचे पुष्कळ पुरावे केवळ स्मृतीत असतात आणि वीज गेली की ते नाहीसे होतात. तेथे स्क्रिप्टने ‘डिसेबल-नेटॲडॅप्टर’ने संगणकाचे जाळे, म्हणजे नेटवर्कची जोडणी, तोडावे, संगणक चालू ठेवावा आणि तो जबाबदार व्यक्तीच्या नजरेस पडेल असे पाहावे. मात्र जाळे तुटल्यावर स्क्रिप्टला ईमेल पाठवता येत नाही, तेव्हा सूचना आधी पाठवून मग जाळे तोडावे. हा क्रम उलटा लागला, तर अडचण आहे हे सकाळपर्यंत कोणालाच कळत नाही.

आता शटडाउनच्या ओळीविषयी. विंडोजच्या शटडाउन आज्ञेला ‘एस’ म्हणजे बंद करणे आणि ‘टी’ म्हणजे किती सेकंदांनी, असे पर्याय असतात. ‘टी’ला शून्याहून मोठी किंमत दिली की ‘एफ’ हा सक्तीचा पर्याय न लिहिताही लागू होतो, म्हणजे उघडे प्रोग्राम न विचारता बंद केले जातात. आपली न जतन केलेली कागदपत्रे त्यात जातात. म्हणून स्कॅन लावण्यापूर्वी सर्व काम जतन करून प्रोग्राम बंद करण्याची सवय हवी. मी ‘टी’ला ३०० सेकंद देतो आणि ‘सी’ हा पर्याय वापरून ‘स्कॅन संपले आहे, संगणक पाच मिनिटांत बंद होईल’ असा संदेश लावतो. हा संदेश ५१२ अक्षरांपर्यंत लिहिता येतो. त्या वेळी कोणी संगणकासमोर असेलच, तर ‘शटडाउन’ला ‘ए’ हा पर्याय देऊन बंद होणे रद्द करता येते. या आज्ञेची चिठ्ठी मी संगणकाजवळ लावून ठेवतो, कारण ऐन वेळी ती कोणालाच आठवत नाही.

याच आज्ञेचा एक फायदा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती सुरू असताना स्टार्ट मेनूतून संगणक बंद केला, तर प्रणालीचा गाभा खरोखर बंद न होता त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. काही धोके पुरते निघण्यासाठी प्रणाली नव्याने सुरू व्हावी लागते आणि अशा अर्धवट बंद होण्याने ते काम अडकून राहते. स्क्रिप्टमधून ‘हायब्रिड’ हा पर्याय न जोडता शटडाउन केले, तर संगणक पूर्णपणे बंद होतो. म्हणून येथे तो पर्याय जोडू नये.

स्कॅन चालू असताना संगणक झोपी जाणे, ही तक्रारही वारंवार ऐकू येते. कोणी कळफलक किंवा माउस हलवत नसेल, तर विंडोज ठरलेल्या वेळाने स्लीपमध्ये जाऊ शकते आणि स्कॅन तेथेच गोठते. सकाळी माउस हलवला की ते पुढे सरकते, संपते, आणि आपण कामाला बसतो न बसतो तोच संगणक बंद होण्याची सूचना देतो. यासाठी स्क्रिप्टच्या आरंभी ‘पॉवरसीएफजी’च्या ‘चेंज’ पर्यायाने वीजजोडणीवरची स्लीपची मुदत शून्य करावी, शून्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा असतो, आणि शेवटी ती पूर्वीच्या मिनिटांवर आणावी. पॉवरशेलमध्ये ही पूर्ववत करण्याची ओळ ‘फायनली’ विभागात लिहावी, म्हणजे मध्ये त्रुटी आली तरी ती चालेल. लॅपटॉप असेल तर तो चार्जरला जोडलेला आणि उघडा ठेवावा.

स्क्रिप्ट रोज हाताने चालवण्याऐवजी टास्क शेड्युलरला, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रामला, सोपवता येते, आणि तेथे ‘सर्वोच्च अधिकारांसह चालवा’ ही खूण करावी लागते. येथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सर्वोच्च अधिकारांनी चालणारी स्क्रिप्ट डेस्कटॉपवर किंवा डाउनलोड्समध्ये ठेवू नये. त्या जागी सामान्य खात्यालाही लिहिता येते, म्हणजेच त्या खात्यात शिरलेल्या दुष्ट प्रोग्रामलाही लिहिता येते. त्याने आपल्या फाइलमध्ये स्वतःची एक ओळ घातली, तर रात्री ती ओळ पूर्ण अधिकारांनी चालेल. संरक्षणासाठी लिहिलेली स्क्रिप्टच अशा वेळी चोरवाट ठरते. ज्या फोल्डरात फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला लिहिता येते अशाच जागी ती ठेवावी आणि फोल्डरच्या परवानग्या स्वतः उघडून पाहाव्यात. शेड्युलरमध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. काम फक्त वीजजोडणीवर असतानाच सुरू व्हावे ही खूण आधीपासून केलेली असते आणि आपल्या कामासाठी ती योग्यच आहे. आणि काम जास्तीत जास्त किती वेळ चालू द्यावे ही मर्यादा मुळात तीन दिवसांची असते, ती काही तासांवर आणावी.

ही मर्यादा केवळ शोभेची नाही. बिघडलेली डिस्क किंवा एखादी अवाढव्य संकुचित फाइल स्कॅनला तासन्‌तास अडकवू शकते. एमपीसीएमडीरनचा ‘टाइमआउट’ पर्याय दिवसांत मोजला जातो आणि पूर्ण स्कॅनसाठी तो मुळात सात दिवसांचा असतो, म्हणून एका रात्रीसाठी तो कुचकामी आहे. पॉवरशेलमध्ये स्कॅन ‘जॉब’ म्हणजे पार्श्वभूमीवरचे काम म्हणून सुरू करून ‘वेट-जॉब’ला सेकंदांत मुदत देणे हा मला सर्वांत स्वच्छ मार्ग वाटतो. ‘ॲजजॉब’ने आज्ञा लगेच परतते हे वर सांगितलेच आहे, येथे थांबण्याचे काम ‘वेट-जॉब’ करते. मुदत उलटली तर एमपीसीएमडीरनला ‘स्कॅन’ आणि ‘कॅन्सल’ देऊन स्कॅन रीतसर थांबवावे, ‘अपूर्ण’ अशी नोंद करावी आणि मगच संगणक बंद करावा. स्वतःची स्क्रिप्ट मारून टाकली म्हणजे स्कॅन थांबले असे नव्हे, कारण स्कॅन करणारी सेवा वेगळी आहे.

लिनक्सवर क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस वापरत असाल, तर काम पुष्कळ सरळ आहे. ‘फ्रेशक्लॅम’ने व्याख्या ताज्या कराव्यात आणि ‘क्लॅमस्कॅन’ चालवावा. त्याचे कोड निःसंदिग्ध आहेत: ० म्हणजे काही सापडले नाही, १ म्हणजे व्हायरस सापडला, २ म्हणजे त्रुटी आली. येथे दोन आज्ञा && ने जोडल्या तर पहिली शून्यावर संपली तरच दुसरी चालते, आणि ; ने जोडल्या तर निकाल काहीही असो, दुसरी चालतेच. तयार नमुन्यांत बहुधा ; असते, ते जसेच्या तसे उचलू नये. क्लॅमस्कॅन सुरू होताना संपूर्ण व्याख्यासंच स्मृतीत भरतो आणि त्याला एक गिगाबाइटहून अधिक जागा लागते. स्मृती कमी असेल तर प्रणालीच त्याला मध्येच मारते आणि कोड १३७ येतो. तेव्हा ० आणि १ सोडून येणारा प्रत्येक कोड अपयश मानावा. ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ ही फोल्डरे वगळावीत, कारण त्यांत खऱ्या फाइली नसतात. ‘रिमूव्ह’ हा पर्याय मी कधीही देत नाही. निर्दोष फाइलवर चुकून ठपका आला तर ती कायमची जाते. त्याऐवजी ‘मूव्ह’ने ती वेगळ्या फोल्डरात हलवावी. ठरावीक मर्यादेहून मोठ्या फाइली हा स्कॅनर तपासत नाही, हेही निकाल वाचताना लक्षात असू द्यावे. स्लीप रोखण्यासाठी स्कॅनची आज्ञा ‘सिस्टमडी-इनहिबिट’ या शब्दानंतर लिहिली की पुरते.

रोज पूर्ण स्कॅन करावे का, हे आपण विचारलेले नाही, पण सांगणे आवश्यक वाटते. डिफेंडरचे तत्क्षण संरक्षण, म्हणजे फाइल उघडताना किंवा जतन होताना लगेच होणारी तपासणी, सुरू असेल, तर रोज झटपट स्कॅन आणि आठवड्यातून एकदा पूर्ण स्कॅन पुरेसे आहे. झटपट स्कॅनसाठी वरची स्क्रिप्ट तशीच चालते. फक्त स्कॅनचा प्रकार बदलावा आणि तपासणीत ‘क्विकस्कॅनएंडटाइम’ वापरावा.

चाचणी मात्र नेहमी शटडाउनशिवाय सुरू करावी. पहिले काही दिवस शटडाउनच्या ओळीच्या जागी ‘येथे बंद झाला असता’ अशी नोंद करणारी ओळ ठेवावी आणि स्कॅनटाइप ३ वापरून एका लहान फोल्डरावर स्क्रिप्ट चालवावी. या प्रकारासाठी समाप्तीच्या वेळेची तुलना लागू पडत नाही, म्हणून तेथे १००१ ही नोंद शोधावी. धोका सापडण्याची परिस्थिती तपासण्यासाठी खरा व्हायरस कधीही वापरू नये. त्यासाठी आयकार या संस्थेची चाचणी-फाइल आहे; ती केवळ ६८ अक्षरांची, पूर्णपणे निरुपद्रवी असून अँटिव्हायरस तिला ओळखतात. तत्क्षण संरक्षण ती जतन होतानाच पकडेल, आणि तेही योग्यच, कारण १११६ आणि १११७ या नोंदी कशा दिसतात ते त्यामुळे पाहायला मिळते. शेवटी स्कॅनची आज्ञा मुद्दाम चुकीच्या नावाने लिहून स्क्रिप्ट एकदा चालवावी. नोंदवहीत ‘अपूर्ण’ असे उमटले आणि सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ व त्रुटीचा मजकूर या तिन्ही गोष्टी तेथे आल्या, तरच शटडाउनची खरी ओळ जागेवर आणावी.